ड्रायर फिरत नाही? आधी झाकण बघा

घरातल्या वस्तू स्वतः दुरुस्त करण्याच्या आपल्या गप्पांत आज ड्रायरचा नंबर. या भागाची मागणी इंदूरहून आली, बडोद्याहून आली, बंगळुरूहूनही आली, आणि बहुतेकांची तक्रार एकच होती: "कर्नलसाहेब, पाऊस सुरू झाला आणि ड्रायर बसला." मी देहरादूनला राहतो. इथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा धरतो की दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच असतो. त्यामुळे तुमचं दुःख मला नीट कळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशातले नातेवाईक ज्याला ड्रायर म्हणतात ते गरम हवेवर कपडे सुकवणारं वेगळं यंत्र असतं. आपल्याकडे बहुतेक घरांत ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा उजवीकडचा छोटा टब. तो कपडे गरम करत नाही, गरागरा फिरून पाणी झटकून टाकतो. आज त्याच्याबद्दलच बोलू.

एक प्रसंग, आणि माझी चूक

दोन वर्षांपूर्वी आमचा ड्रायर अचानक बंद पडला. टायमर फिरवला तर टिकटिक ऐकू यायची, पण टब हलायचा नाही. मेकॅनिक आला, वरचं पॅनेल उघडलं, दहा मिनिटांत ड्रायर सुरू. मी विचारलं, काय केलं? म्हणाला, "झाकन का स्विच खराब था सर, डायरेक्ट कर दिया." म्हणजे झाकणाखालचा सुरक्षा स्विच काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना पिळून जोडल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, घरात कपड्यांचा ढीग होता. मी मान डोलावली आणि पैसे दिले. पस्तीस वर्षं ज्या माणसाने जवानांना 'सेफ्टी कॅच'वर भाषणं दिली, त्याने स्वतःच्या घरातला सेफ्टी कॅच काढून टाकायला परवानगी दिली. ही चूक मेकॅनिकपेक्षा माझी जास्त.

गेल्या पावसाळ्यात मुलगी आणि चार वर्षांची नात आल्या होत्या. मी पेपर वाचत होतो. बायको एकदम ओरडली, "अहो, बंद करा ते!" धावत गेलो. नात प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभी होती. ड्रायरचं झाकण उघडं होतं, टब पूर्ण वेगाने फिरत होता आणि तिला तिचा लाल फ्रॉक बाहेर काढायचा होता. बायकोने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. हात आणि टब यांच्यात वीतभर अंतर असेल. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यानंतरही टब कितीतरी वेळ फिरतच राहिला. मी तिथे उभा राहून बघत होतो आणि माझ्या पायांतली ताकद गेली होती.

वेगाचा हिशोब सांगतो. हा टब मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो. टबाचा व्यास २४ सेंटिमीटर धरला, तर त्याची कड मिनिटाला जवळजवळ एक किलोमीटर अंतर कापते, म्हणजे ताशी साठच्या आसपास. त्यात एखादी ओली बाही बोटाभोवती गुंडाळली गेली, तर मोठ्या माणसालाही हात सोडवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं, तोपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवला होता. तो आला तेव्हा ड्रायरने आणखी एक नखरा दाखवला: टायमर लावला की नुसता 'घूं' आवाज, फिरणं नाही. त्याने मागचं झाकणही न उघडता निकाल दिला: मोटर जळाली, ब्रेकसकट बदलावी लागेल, ३२०० रुपये. स्विचबद्दल विचारलं तर म्हणाला, "डायरेक्ट ही रहने दीजिए सर, बार-बार खराब होता है." मी त्याला चहा पाजून निरोप दिला आणि स्वतः पान्हा हातात घेतला.

मी तोफखान्यातला माणूस. आमच्या रेजिमेंटबरोबर ईएमईची एक छोटी तुकडी असायची, गाड्या आणि उपकरणं दुरुस्त करणारी. तिथल्या एका हवालदार उस्तादांनी मला तरुणपणी एक धडा दिला होता: पार्ट बदलायच्या आधी ताकद कुठून कुठे जाते ते बोटाने दाखव, ती जिथे थांबते तिथे बिघाड. ड्रायरलाही हेच लागू पडतं.

ताकद कुठून कुठे जाते

भिंतीवरच्या प्लगमधून वीज मशीनमध्ये येते. तिथून ड्रायरच्या टायमरला, जो आपण हाताने पाच मिनिटांपर्यंत फिरवतो. टायमरमधून झाकणाच्या स्विचला. झाकण बंद असेल तरच हा स्विच वीज पुढे सोडतो. मग वीज मोटरला मिळते. मोटर एकटी सुरू होऊ शकत नाही, तिला पहिला रेटा द्यायला आणि दिशा द्यायला कपॅसिटर लागतो. बाजारात याला कंडेन्सर म्हणतात, दुकानात तोच शब्द वापरा. मोटरच्या दांड्यावर कपलिंग असतं, त्याच्या वर टबाचा दांडा. मोटर फिरली की टब फिरतो, मध्ये पट्टा नाही.

याच्या जोडीला ब्रेक आहे. कपलिंगच्या खालच्या गोल भागावर ब्रेकचा पॅड स्प्रिंगने दाबलेला असतो. झाकण बंद केलं की एक बारीक तार तो पॅड ओढून बाजूला धरते. झाकण उघडलं की तार सैल होते, स्प्रिंग पॅडला ढकलते आणि टब थांबतो. म्हणजे झाकण उघडण्याच्या एकाच कृतीने दोन कामं होतात: वीज तुटते आणि ब्रेक लागतो.

आता 'डायरेक्ट' केल्यावर काय होतं बघा. झाकण उघडलं की ब्रेक लागतो, पण वीज तुटत नाही. मोटर फिरवायला बघते, ब्रेक थांबवायला बघतो. हँडब्रेक ओढून गाडी चालवण्यासारखं हे आहे. आमच्याकडे दोन वर्षं असंच चाललं. कपडे लवकर काढायची सवय सगळ्यांना, टायमर संपायच्या आधीच झाकण उघडायचं. पॅड झिजत गेला, आणि ज्या दिवशी त्याची गरज होती त्या दिवशी तो उरलाच नव्हता.

हात लावायच्या आधी

पहिलं: प्लग भिंतीतून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही मशीनमध्ये वीज असते. प्लग तुमच्या डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी तो लावणार नाही.

दुसरं: पाणी पूर्ण काढा, नळाचा पाइप सोडा, मशीन कोरड्या जागी भिंतीपासून पुढे ओढा. पायात रबरी चप्पल घाला.

तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं: कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवू शकतो. त्याच्या टर्मिनलना बोट लावू नका, स्क्रूड्रायव्हरने शॉर्टही करू नका. जुना पिवळा तारेचा बल्ब होल्डरमध्ये लावा, होल्डरच्या दोन वायरींची टोकं कपॅसिटरच्या टर्मिनलना पाचेक सेकंद टेकवा. तीन टर्मिनल असतील तर प्रत्येक जोडीला हेच करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. वायरी मुठीत धरताना उघडी तांब्याची टोकं बोटांपासून लांब ठेवा. नंतर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करा.

चौथं: एकही वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असतात, माझ्या मशीनचे रंग सांगून तुमचा फायदा नाही.

अवजारं फार लागत नाहीत: चौफुलीचा लांब स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पान्हा, पक्कड, टॉर्च आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर घेताना कपॅसिटर मोजणारा घ्या.

लक्षणावरून बिघाड ओळखा

टायमर टिकटिकतो, पण मोटरचा आवाजच नाही. म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचत नाही. संशय क्रमाने: झाकणाचा स्विच, टायमर, तुटलेली वायर. अजून एक शक्यता असते. पुष्कळ मोटरींमध्ये उष्णतेपासून बचाव करणारं संरक्षण असतं. चारपाच खेपा लागोपाठ लावल्या असतील तर तासभर थांबून पुन्हा बघा.

'घूं' आवाज येतो, टब फिरत नाही. वीज पोचते आहे, पण मोटर अडकली आहे किंवा तिला रेटा मिळत नाही. संशय: कपॅसिटर, न सुटणारा ब्रेक, किंवा टब आणि बाहेरच्या ड्रममध्ये अडकलेला मोजा, रुमाल. असा आवाज आला की लगेच बंद करा. अडकलेली मोटर तशीच चालू ठेवली तर ती खरोखर जळते.

मोटर फिरल्याचा आवाज येतो, टब स्थिर. कपलिंगचा स्क्रू सैल झाला आहे.

टब फिरतो पण हळू, कपडे निथळतच राहतात. ड्रेन पाइप बघा. तो वर उचलला गेला असेल किंवा आत चिंध्या अडकल्या असतील तर खाली पाणी साचतं आणि टब त्या पाण्यात फिरतो. अर्धवट घासणारा ब्रेक किंवा अशक्त कपॅसिटर यांनीही हेच होतं.

धडधड आवाज आणि मशीन चालायला लागणं. नव्वद टक्के वेळा कपडे एका बाजूला भरलेले असतात. सारखे पसरा, वर जाळीचं छोटं झाकण दाबून बसवा. त्या जाळीला लोक फालतू समजून फेकून देतात. तीच मोजे बाहेर उडू देत नाही. तरीही धडधड असेल तर मोटरखालच्या स्प्रिंगा तपासा.

ड्रायरच्या खाली पाणी आणि किंचाळल्यासारखा आवाज. टबाच्या दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं आहे. हे पाणी थेट मोटरवर पडतं, म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

मी काय केलं

मागचं झाकण उघडलं. प्लग काढलेलाच होता. एका हाताने ब्रेकचा लिव्हर बाजूला धरला आणि दुसऱ्या हाताने कपलिंग फिरवून बघितलं. अलगद फिरलं. म्हणजे मोटरचे बेअरिंग ठीक, टबात काही अडकलेलं नाही. ही एक मिनिटाची तपासणी मेकॅनिकने केली असती तर त्याचा निकाल बदलला असता.

मग मोटरच्या वायरी. तीन वायरी असतात. कपॅसिटर रिकामा करून, वायरी सुट्या करून प्रत्येक जोडीचा रोध मोजला. तीन आकडे मिळतात. सर्वात मोठा आकडा बाकीच्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका आला, म्हणजे वाइंडिंग तुटलेलं नाही. कुठल्याही वायरीपासून मोटरच्या लोखंडी अंगापर्यंत वीजवाट दिसता कामा नये; तीही दिसली नाही. जळका वास नव्हता. 'जळालेली' मोटर ठणठणीत होती.

आता कपॅसिटर. आमच्या मशीनमध्ये एकाच डबीत दोन आहेत, वर १०+५ असं लिहिलेलं: १० मायक्रोफॅरड धुण्याच्या मोटरसाठी, ५ ड्रायरसाठी. मीटरवर पहिला ९.८ आला, दुसरा फक्त २.१. छापील किमतीच्या पाच टक्के इकडेतिकडे चालतं. हा निम्म्याहून खाली होता. 'घूं'चं कारण सापडलं. जुना हातात घेऊन दुकानात गेलो, तेच आकडे आणि तेच ४४० व्होल्ट बघून नवा घेतला. मोठ्या आकड्याचा लावला तर जोर जास्त मिळेल असा दुकानदार सल्ला देतो, तो ऐकू नका. मोटर गरम होते.

ब्रेकचा पॅड गुळगुळीत होऊन धातूला लागला होता. तो लिव्हरसकट मिळाला. बसवल्यावर तारेचा ताण जुळवावा लागतो. बऱ्याच मशीनमध्ये तारेच्या टोकाला दोनतीन भोकांची पट्टी असते. झाकण बंद असताना पॅड आणि गोल भाग यांच्यात थोडीशी स्वच्छ फट दिसली पाहिजे. झाकण किंचित उचललं की पॅड टेकला पाहिजे. फट नसेल तर ब्रेक घासतो; ताण फार असेल तर झाकण उघडूनही ब्रेक लागत नाही. दुसरी चूक जास्त धोक्याची.

शेवटी वरचं पॅनेल उघडून तो 'डायरेक्ट' जोड बघितला. चिकटपट्टी काळी पडली होती, ओल आत गेली होती. जोड कापून टाकला, नवा स्विच बसवला, टर्मिनलवर इन्सुलेशनच्या टोप्या चढवल्या. नवा स्विच मीटरने तपासला: झाकण बंद, वाट चालू, झाकण बोटभर उघडलं, वाट बंद. तो पुन्हा पुन्हा खराब होतो ही तक्रार अगदीच खोटी नाही. वाफ आणि साबणाचं पाणी त्याला गंजवतं. उपाय सोपा आहे: काम झाल्यावर दोन्ही झाकणं तासभर उघडी ठेवा, आणि झाकण आपटू नका.

तिन्ही पार्ट मिळून खर्च पाचशे ऐंशी रुपये आणि एक रविवार.

शेवटची परीक्षा

मशीन जोडायच्या आधी प्लगच्या मोठ्या पिनेपासून मोटरच्या लोखंडी अंगापर्यंत मीटर लावून अर्थिंगची वाट अखंड आहे ना बघा. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. ओल्या जागेतल्या यंत्रासाठी ती गरजेचीच आहे.

मग सगळी झाकणं बसवून, टब रिकामा ठेवून ड्रायर लावा. पूर्ण वेग आल्यावर झाकण उघडा आणि सेकंद मोजा. अनेक मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की १५ सेकंदांत टब थांबला नाही तर वापर ताबडतोब बंद करा. आमचा आता पाच सेकंदांत थांबतो. ही परीक्षा तुमचा ड्रायर व्यवस्थित चालत असला तरी आजच करा. तिला अवजार लागत नाही, पैसे लागत नाहीत.

काय स्वतः करू नये तेही सांगतो. वॉरंटी चालू असेल तर कंपनीला बोलवा. मोटरचं वाइंडिंग, जळालेल्या वायरींचा जुडगा, आणि मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, ही कामं जाणत्या माणसाची. झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि तो येईपर्यंत लावू नका. मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवायची गरज नाही. पुष्कळजण प्रामाणिक असतात, आणि घाई बहुतेक वेळा आपलीच असते. फक्त दोन वाक्यं बोला: "आधी कंडेन्सर मोजा" आणि "स्विच डायरेक्ट करायचा नाही, नवा लावा, पैसे देतो."

नात यंदाही सुट्टीत आली होती. स्टूल मी आता माळ्यावर टाकलं आहे, कारण स्विच कितीही चांगला असला तरी चार-पाच वर्षांच्या मुलाने मशीनपाशी जायचं काम नाही. तिने विचारलं, "आजोबा, मशीन आता चावणार नाही ना?" मी तिच्यासमोर झाकण उघडलं. आम्ही दोघांनी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. टब थांबला. मग तिचा फ्रॉक मी काढून दिला.

तुमच्या ड्रायरचे सेकंद मोजा आणि मला कळवा. पुढच्या भागात पाण्याच्या मोटरबद्दल बोलू. जय हिंद.